धातू तेवढाच, पाणी वेगळं: शिंपल्याच्या पोटात काय जातं?



मी भिलाईहून बोलते आहे. ही मालिका पाहणारे तुम्ही कोणी पुण्या-मुंबईचे असाल, कोणी नागपूर-अमरावतीचे, कोणी इंदूर-बडोद्याचे. भिलाई म्हटलं की तुम्हाला पोलाद आठवणार. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि त्यानंतर विदर्भातून कितीतरी मराठी घरं इथे येऊन राहिली. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती, त्यामुळे आम्हाला इथे कधी फार परकं वाटलं नाही.

पण आज मी पोलादाबद्दल बोलणार नाही. तलावातल्या शिंपल्यांबद्दल आणि घोंघीबद्दल बोलणार आहे. घोंघी म्हणजे गोड्या पाण्यातली मोठी गोगलगाय. इथल्या खेड्यांत ती आवडीनं खाल्ली जाते. आणि सुरुवातीलाच कबूल करते, हा विषय मी शिकले तो माझ्याच एका चुकीतून.

मी रसायनशास्त्र शिकवत असे. आमच्याकडे घरकामाला एक बाई यायच्या, शहराबाहेरच्या गावातून. एका पावसाळ्यात त्या एक कागद घेऊन आल्या. गावात कोणीतरी तलावाचं पाणी तपासून घेतलं होतं, त्याचा तो अहवाल. त्यांनी मला विचारलं, "दीदी, हमर तरिया के घोंघी ला खा सकथन का?" आमच्या तलावातली घोंघी खाऊ शकतो का?

मी कागद वाचला. शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त, सगळ्यांसमोर ‘मर्यादेत’ असं लिहिलेलं. मी म्हटलं, "हो, खा की. काही हरकत नाही." त्या गेल्या. रात्री स्वयंपाक करताना माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या प्रश्नाचं उत्तर दिलंय. तो अहवाल पिण्याच्या पाण्याचा होता. बाईंनी पाण्याबद्दल विचारलंच नव्हतं. त्यांनी घोंघीबद्दल विचारलं होतं.

आता यात काय फरक आहे, ते सांगते.

पिण्याच्या पाण्याची मर्यादा ठरवताना माणूस दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पितो असं धरतात. आपल्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कॅडमियमची मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम आहे आणि शिशाची ०.०१ मिलिग्रॅम. जस्ताची आहे ५ मिलिग्रॅम, आणि ती मुख्यतः चवीवरून ठरलेली आहे. त्याहून जास्त जस्त असलं की पाणी तुरट लागतं. हे सगळं माणसासाठी ठीक आहे.

पण शिंपला पाणी पीत नाही, तो पाणी गाळतो. आपल्याकडे नद्या-तलावांत सगळीकडे सापडणारा गोड्या पाण्यातला शिंपला म्हणजे लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस. तो चिखलात अर्धा रुतून बसतो, एका नळीनं पाणी आत घेतो, कल्ल्यांवरून फिरवतो, त्यातलं शेवाळ आणि बारीक कण खातो आणि दुसऱ्या नळीनं पाणी बाहेर सोडतो. चांगला मोठा शिंपला दिवसाला दहा-वीस लिटर पाणी सहज गाळतो. हे तो वर्षानुवर्षं करतो, आणि आत आलेला धातू सहजासहजी सोडत नाही. म्हणून पाण्यात जेमतेम सापडणारा धातू त्याच्या मांसात हजारो पटींनी साठलेला असू शकतो. १९७५ साली एडवर्ड गोल्डबर्ग या शास्त्रज्ञानं जगभरच्या किनाऱ्यांवर शिंपल्यांकडूनच प्रदूषणाची पाहणी करावी अशी कल्पना मांडली, ती याच गुणामुळे.

इथवर सगळं सोपं आहे. पाण्यात धातू जास्त, तर शिंपल्यात जास्त. मग पाणी मोजलं की काम झालं, नाही का? नाही. इथेच खरी गंमत आहे, आणि खरा धोकाही.

तुरीच्या डाळीचं उदाहरण घेऊ. आमच्या भिलाईत टाऊनशिपच्या नळाला धरणाचं पाणी येतं. तांदुला धरण १९२१ साली पूर्ण झालं, त्याचं पाणी कालव्यानं मरोदा जलाशयात येतं. त्या पाण्यात डाळ मेणासारखी शिजते. पण शहराबाहेर बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्या मैत्रिणीकडे जा. कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ दाताखाली येते. कारण दुर्ग-रायपूरचं हे सगळं मैदान चुनखडकावर बसलेलं आहे. भिलाई कारखान्याला चुनखडी मिळते ती इथल्याच नंदिनीच्या खाणीतून, आणि जामुलचा सिमेंट कारखाना उभा राहिला तोही याच दगडाच्या जोरावर. या दगडातून झिरपलेलं पाणी कॅल्शियमनं भरलेलं असतं. त्याला आपण जड पाणी म्हणतो, शाळेच्या पुस्तकात दुष्फेन म्हणतात. हे कॅल्शियम डाळीच्या पेशीभित्तिकांतल्या पेक्टिनला जाऊन चिकटतं, त्याला घट्ट बांधून ठेवतं, आणि डाळ विरघळत नाही.

हेच कॅल्शियम शिंपल्याला कॅडमियमपासून वाचवतं.

कसं, ते पाहा. शिंपल्याला कवच बांधायला सतत कॅल्शियम लागतं. त्यासाठी त्याच्या कल्ल्यांवर कॅल्शियम आत घेणारी दारं असतात. कॅडमियमचा आयन कॅल्शियमच्या आयनाएवढाच असतो, आणि दोघांवर विद्युतभारही सारखाच. दाराला त्यांच्यातला फरक कळत नाही, त्यामुळे कॅडमियम कॅल्शियमच्या दारानं आत घुसतं. आता एसटी स्टँडवरची गर्दी डोळ्यांसमोर आणा. गाडीच्या दारात दोनशे माणसं रेटा देत असतील, तर त्यांतल्या एका पाकीटमाराला आत शिरायला मिळेलच असं नाही. पण दारात पाचच माणसं असतील, तर तो आरामात चढेल. जड पाण्यात दारासमोर कॅल्शियमची गर्दी असते, कॅडमियम बाहेर राहतं. हलक्या पाण्यात दार रिकामं असतं. कॅडमियम तेवढंच, पण आत जातं जास्त. शिवाय पाण्यात कॅल्शियम कमी पडलं की काही प्राणी ते मिळवण्यासाठी दारं अधिक उघडतात, आणि त्याबरोबर कॅडमियमलाही वाट मिळते. माशांच्या कल्ल्यांवर हे चांगलं अभ्यासलं गेलं आहे.

हा नुसता सिद्धांत नाही, कायद्यात उतरलेली गोष्ट आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी जस्ताची मर्यादा एका सूत्रानं दिली आहे आणि त्या सूत्रात पाण्याचा जडपणा घालावा लागतो. जडपणा लिटरला ५० मिलिग्रॅम असेल, तर थोड्या वेळाच्या संपर्कासाठी जस्त लिटरला सुमारे ६५ मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. जडपणा १०० असेल तर सुमारे ११७. जडपणा २०० असेल तर सुमारे २११. म्हणजे पाणी चौपट जड झालं की तिपटीहून जास्त जस्त जीव सहन करतात. हे आकडे जीव दगावण्याबद्दलचे आहेत, मांसात साठण्याबद्दलचे नाहीत; पण दोन्ही गोष्टी त्याच दारापासून सुरू होतात.

आता आपल्या पिण्याच्या पाण्याची जस्ताची मर्यादा आठवा. ५ मिलिग्रॅम म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम. बाईंनी आणलेल्या कागदावर ‘मर्यादेत’ लिहिलं होतं ते या ५,००० च्या आत म्हणून. शिंपल्याची मर्यादा मात्र पाण्याच्या जडपणानुसार ६५ किंवा २११. ज्या तलावाला मी ‘काही हरकत नाही’ म्हटलं, त्याबद्दल त्या कागदावरून मला खरं तर काहीच कळलं नव्हतं.

जडपणा ही एक गोष्ट झाली. दुसरी म्हणजे पाण्यात कुजलेला पालापाचोळा. आमच्याकडचे गावतलाव तुम्ही पाहिले असतील तर आठवेल, काठावर पिंपळ, आंबा, कडुलिंब. पानं पडतात, कुजतात आणि पाण्याला चहासारखा किंचित रंग येतो. त्या रंगात ह्युमिक आम्लं असतात. ती धातूचा हात धरून ठेवतात. तांब्याला तर अगदी घट्ट, शिशाला बऱ्यापैकी, कॅडमियमला आणि जस्ताला सैलसर. हात धरलेला धातू कल्ल्यांच्या दारातून सहसा आत जात नाही. प्रयोगशाळेत मात्र आपण आम्ल घालून सगळा धातू मोकळा करून मोजतो, त्यामुळे अहवालात बांधलेला आणि मोकळा एकत्र येतो. शिंपल्याला मुख्यतः मोकळा धातू भेटतो.

मोकळ्या आयनाचा हा मुद्दा फ्रान्स्वा मोरेल यांनी १९८३ साली आपल्या पुस्तकात नीट मांडला. पुढे २००१ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटानं त्यावरून एक हिशेब तयार केला. पाण्याचा सामू, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सेंद्रिय कार्बन, क्षारता असं सगळं भरलं की जीवाच्या कल्ल्यावर किती धातू बसेल ते तो सांगतो. २००७ पासून अमेरिकेत तांब्यासाठी हीच पद्धत अधिकृतपणे सुचवलेली आहे.

तिसरी गोष्ट सामू, म्हणजे पाणी आम्ल आहे की अल्कली. सामूचं वागणं दुतोंडी असतं, म्हणून नीट ऐका. पाणी आम्ल झालं की चिखलात बसलेला धातू सुटतो आणि मोकळा होतो, हे वाईट. पण आम्लाचे हायड्रोजन आयनही त्याच दारात गर्दी करतात, हे थोडं बरं. एकूण परिणाम कुठल्या बाजूला झुकेल ते त्या त्या पाण्यावर आणि त्या त्या धातूवर अवलंबून असतं. उलट पाणी अल्कली असेल, तर बरेच धातू कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतात. आपल्याला वाटतं, सुटलो.

पण सुटत नाही. कारण शिंपला राहतो कुठे? चिखलात. धातू पाण्यातून खाली बसला म्हणजे शिंपल्याच्या ताटात वाढला गेला. कल्ल्यांचं दार हा एक रस्ता, तोंड हा दुसरा. धातू चिकटलेलं शेवाळ आणि गाळाचे कण तो खातो. त्याच्या जठरात पाणी किंचित आम्ल असतं, तिथे कणांवरचा धातू पुन्हा सुटतो. जड पाणी पहिला रस्ता अडवतं, दुसरा नाही. म्हणून ‘आमचं पाणी जड आहे, काळजी नाही’ असं म्हणणं ही अर्धीच गोष्ट आहे, आणि अर्ध्या गोष्टीवर मी एकदा फसले आहे.

तुम्ही म्हणाल, हे छत्तीसगडचं झालं, आमचं काय? तर प्रत्येकानं आपल्या पायाखालचा दगड पाहावा. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात काळा बेसाल्ट आहे, तिथलं पाणी बहुधा अल्कली आणि बऱ्यापैकी जड. पैठणच्या बाजूला गोदावरीतल्या शिंपल्यांवर धातूंचे प्रयोग मराठवाड्यातल्या प्राणिशास्त्राच्या लोकांनी बरीच वर्षं केलेले आहेत. कोकणात आणि गोव्यात जांभा आहे, प्रचंड पावसानं धुऊन निघालेला. तिथलं नदीचं गोडं पाणी हलकं असतं, दारातली गर्दी कमी. तेवढाच धातू तिथे अधिक महागात पडू शकतो. खाडीत मात्र गणित पुन्हा बदलतं. तिथे मिठातलं क्लोराइड कॅडमियमला धरून ठेवतं. म्हणून खाडीच्या तिसऱ्यांचा निकाल गोड्या पाण्यातल्या शिंपल्याला लावू नये, आणि याचा त्याला लावू नये.

आता पुन्हा आमच्या तलावाकडे येऊ, कारण एकाच तलावाचं पाणीही वर्षभर एकसारखं नसतं. मे महिन्यात तलाव आटतो, पाणी घट्ट होतं, जडपणा वाढतो. मग जूनमध्ये पहिला पाऊस येतो. पावसाचं पाणी म्हणजे जवळजवळ कॅल्शियम नसलेलं, अगदी हलकं पाणी. ते तलावावर पडतं आणि येताना रस्त्यावरची, छपरांवरची, गाड्यांची आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्यांची धूळ घेऊन येतं. म्हणजे धातू वाढला आणि नेमका त्याच वेळी कॅल्शियमचा पहारा उठला. आणि उन्हाळाभर मातीत दडून बसलेली घोंघी वर कधी येते? पहिल्या पावसानंतर. बाया ती गोळा करायला कधी जातात? तेव्हाच. माझ्याकडे कागद घेऊन आलेल्या बाईही पावसाळ्यातच आल्या होत्या. कागदावरची तारीख मी नंतर पाहिली. पाणी मार्च महिन्यात घेतलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं की काल मी चुकले. त्यांना फार आश्चर्य वाटलं नाही. म्हणाल्या, मग कुठल्या तलावातली आणू? मी म्हटलं, रस्त्याच्या नाल्याचं पाणी जिथे येतं ते सोडा, शेतातल्या तलावातली आणा. त्या हसल्या. शेताजवळचा तलाव मासेमारीसाठी ठेक्यानं दिलेला, तिथे कोणी उतरू देत नाही. उतरायला मिळतं ते रस्त्याकडेच्या तलावात. ही गोष्ट रसायनशास्त्राच्या कुठल्याही सूत्रात बसत नाही, पण धातू कोणाच्या ताटात जाणार हे शेवटी तीच ठरवते.

म्हणून आता उपयोगाचं बोलू.

घाबरून शिंपले आणि घोंघी खाणं बंद करा असं मी म्हणणार नाही. ज्यांना मांस-मासळी परवडत नाही त्यांच्यासाठी हे फुकट मिळणारं चांगलं अन्न आहे, त्यात प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे. पण चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, शिजवल्यानं धातू जात नाही. जंतू मरतात, कॅडमियम मरत नाही.

दुसरी, स्वच्छ पाण्यात एक-दोन दिवस ठेवलं तर पोटातला गाळ निघून जातो, ते जरूर करा. पण मांसात मुरलेलं कॅडमियम दोन दिवसांत निघत नाही, त्याला महिने लागतात.

तिसरी, घोंघीच्या कवचाच्या टोकाला जो पिळदार मऊ भाग असतो, ती तिची पाचकग्रंथी. धातू सगळ्यात जास्त साठतो तो तिथे. तो भाग टाकून द्या आणि पायाचं घट्ट मांस खा. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना तर तो भाग देऊच नका.

चौथी, वर्षातून कधीतरी खाणं वेगळं आणि आठवड्यातून तीनदा खाणं वेगळं. कॅडमियम माणसाच्या मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षं राहतं. जपानात जिंझू नदीच्या काठी खाणीतलं कॅडमियम पाण्यातून भातात गेलं आणि हाडं ठिसूळ करणारा इताई-इताई रोग झाला. तिथल्या सरकारनं १९६८ मध्ये ते मान्य केलं. तिथे निमित्त भाताचं होतं, शिंपल्याचं नव्हतं. पण शरीराची वही तीच आणि जमाखर्च तोच.

आणि तुमच्या हातात कधी पाण्याचा अहवाल आला, तुम्ही शिक्षक असा, सरपंच असा, पत्रकार असा, तर माझ्यासारखं नुसतं ‘मर्यादेत’ वाचून थांबू नका. विचारा, ही मर्यादा कोणासाठी आहे, माणसासाठी की पाण्यातल्या जीवांसाठी? जडपणा किती? सामू किती? सेंद्रिय पदार्थ मोजलाय का? पाणी कुठल्या महिन्यात घेतलं? आणि लोक शिंपले खात असतील, तर शिंपल्याचं मांस तपासलंय का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पाण्याचा अहवाल एका दिवसाचा असतो. शिंपल्याच्या मांसात महिन्यांचा हिशेब असतो. पोलंडमध्ये पोझनान शहराच्या पाणीपुरवठ्यात शिंपल्यांच्या कवचांना सेन्सर लावलेले आहेत. पाण्यात काही वाईट आलं की शिंपले मिटतात आणि यंत्रणेला कळतं. आपल्याकडे एवढं लगेच होणार नाही. पण पाच शिंपले बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवणं अवघड नाही.

जडपणा तर शाळेतली मुलंही तपासू शकतात. सारख्या दोन बाटल्या घ्या, एकीत नळाचं पाणी आणि एकीत तलावाचं. दोन्हींत साबणाचे थेंब सारखेच टाका आणि हलवा. जिच्यात फेस लवकर येतो ते पाणी हलकं. मी माझ्या विद्यार्थ्यांना हे जूनमध्ये एकदा आणि मे महिन्यात एकदा करायला लावत असे. एकाच तलावाचं पाणी दोनदा वेगळं वागताना पाहिलं की पुढचं सगळं समजावणं सोपं जातं.

त्या बाई अजून येतात आमच्याकडे. घोंघीचं टोक आता त्या कापून टाकतात आणि शेजारणींनाही सांगतात. तलाव तोच आहे, कारण दुसरा त्यांना मिळालेला नाही. तलावातल्या घोंघीची तपासणी व्हावी म्हणून गावच्या बायकांनी एक अर्ज लिहिला आहे. त्याचा मसुदा मी करून दिला. मी केलेल्या चुकीची तेवढीच भरपाई मला करता आली.

तुमच्या गावच्या तलावाचं पाणी जड आहे की हलकं, हे तुम्हाला माहीत नसेल, तर आज घरी डाळ शिजवणाऱ्या माणसाला विचारा. पुढचे प्रश्न तिथून सुरू करा.